पीएचडीची हळद

माझं पहिलं लग्न पीएचडीसाठी लागलं आणि त्यात नवरी माझा आतेभाऊ सुभाष होता.

याला जबाबदार माझा विषय. तौलनिक-ऐतिहासिक भाषाशास्त्र. म्हणजे मराठी, कोंकणी, गुजराती अशा बहिणी-बहिणींचे शब्द शेजारी शेजारी बसवायचे आणि त्यांची खापरपणजी कशी बोलत असेल ते ठरवायचं. (खापरपणजी हयात नसल्यामुळे खोडून काढायला येत नाही. या विषयाची सगळी मजा त्यातच आहे.) वैशालीशी माझं लग्न ठरत होतं, तेव्हा तिच्या वडिलांना, रोह्याजवळच्या निडीच्या बाळारामकाकांना, मी हे सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजे तुमी जुने शबुद शोधता," काका म्हणाले. "हरवले व्हते काय?"

"तसं नाही, काका."

"आनि गावले की काय करता?"

"त्यांच्यावर लेख लिहितो."

काकांनी मुलीकडे पाहिलं. पेणपासून रोह्यापर्यंतची कंपनीत चिकटलेली एवढी मुलं सोडून हिला हाच कसा सापडला, असा तो चेहरा होता. शेवटी त्यांनी अट घातली. आधी पीएचडी, मग लगीन.

आणि माझी पीएचडी तर शेवटच्या प्रकरणावर अडून बसलेली. त्यासाठी मला धवले हवे होते, म्हणजे आमच्याकडे लग्नात धवलारीण गाते ती जुनी गाणी. माझी आत्या धरमतरच्या खाडीकाठची नावाजलेली धवलारीण. घरचंच काम! माझ्या मार्गदर्शक सरांना 'सोमवारी ध्वनिमुद्रण देतो' असं सांगून मी रेकॉर्डर घेतला आणि पेणहून थेट तिच्या अंगणात उतरलो.

"आत्या, धवला म्हण."

"लगीन कुनाचा?"

"कुणाचंच नाही. अभ्यासासाठी पाहिजे."

आत्याने हातातलं सूप खाली ठेवलं. "लग्नाबिगर धवला गात नाय. धवल्यानं देवांना बोलवतात. ते यवढे लांबशी येतील आनि मांडवात नवराच नसला तर काय सांगू त्यांना? पोऱ्या अभ्यास करतोय?"

मी हातापाया पडलो. शेवटी तिला दया आली. "नवरा तू बस. नवरी बघ कुनीतरी."

गावातल्या एखाद्या मुलीला विचारलं असतं तर आत्यानेच मला खाडीत ढकललं असतं. तेवढ्यात शिफ्ट संपवून सुभाष जेवायला आला. त्याला ताटावर न बसवता लुगडं नेसवलं.

"आये, मिशी दिसते गो," तो कुरकुरला.

"पदर वढ," आत्या म्हणाली.

चार बांबू रोवून मांडव झाला. खोट्या लग्नाला कोण येणार, असं मला वाटलं होतं. पण लग्न म्हटल्यावर आमच्याकडे खरं की खोटं ते विचारत नाहीत, हळद किती वाटायची ते विचारतात. शेजारणींनी मला कपाळापासून घोट्यापर्यंत पिवळा केला. मग मी रेकॉर्डर चालू केला, आत्या गाऊ लागली, आणि खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. आता पीएचडी झाली, वैशाली घरी आली, असं मनात म्हणत मी डोळे मिटून बसलो.

इकडे सुभाषची बायको हसून हसून बेजार झाली होती. त्याच हसण्याच्या भरात तिने माझा फोटो व्हॉट्सअ‍ॅपला स्टेटस म्हणून ठेवला. खाली लिहिलं, 'भावजींची हळद'. शेजारची नवरी कोण, ते लिहायचं राहून गेलं.

स्टेटस निडीपर्यंत पोचलं आणि आत्याचा धवला संपायच्या आत तिथून मोटारसायकल आली. काका स्टँड न लावताच उतरले. (गाडी आडवी झाली. मागे बसलेली वैशाली त्याआधीच उतरली होती, बापाला ओळखते ती.)

"पीएचडी झाल्याबिगर लगीन नाय म्हनलो, तर दुसरीशी लावतोस?"

"काका, ही पीएचडीच आहे."

हे मी बोलायला नको होतं. काकांनी माझ्यापासून सुरुवात केली आणि एकेक पिढी मागे जात माझ्या खापरपणजीपर्यंत पोचले. आमच्या शास्त्रातही याच पद्धतीने काम चालतं, पण इतकं झपाट्याने नाही.

"आनि ही कोन भवानी?" म्हणत त्यांनी नवरीचा पदर वर केला.

"राम राम काका," मिशीखालून सुभाष म्हणाला. "जेवलो नाय हो अजून."

काकांनी पदर सोडला. मग त्यांनी सुभाषलाही धरून पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली.

"आवाज बारीक कर बाबा," आत्या दटावून म्हणाली. "देव आलेत."

काकांनी मुकाट्याने चपला काढल्या, मांडवाला हात जोडले आणि उरलेल्या शिव्या हळू आवाजात दिल्या.

वैशाली मात्र ओट्यावर बसून डोळे पुसत हसत होती. काका दमल्यावर ती उठली आणि सुभाषच्या खांद्यावर थोपटून म्हणाली, "ऊठ दादा, माझी जागा हाय ती. तू जेवून घे." ती माझ्या शेजारी बसली आणि आत्याने धवला पुरा केला.

सोमवारी सरांचा फोन आला. "धवले छान आहेत. पण मध्येच एक गृहस्थ बोलतात, ते कोण? काय अस्सल बोली आहे हो! धवले परिशिष्टात टाका. प्रकरण यांच्यावर करा."

प्रकरण झालं, पीएचडी झाली, वैशालीशी खरं लग्नही झालं. आता मी प्राध्यापक आहे. माझे सहकारी बोली गोळा करायला प्रश्नावल्या बनवतात, गावोगाव हिंडतात, लोकांना बोलतं करायला धडपडतात. मला यातलं काही करावं लागत नाही. रेकॉर्डर चालू करून मी नुसता निडीला सासऱ्यांच्या दारात उभा राहतो.