सोमवारी सरांना विचारा

आमच्या घरी पाण्याला पानी म्हणतात. बाबा मोरा बंदरावरून सुटणाऱ्या लाँचवर खलाशी होते, आई मासळी विकायची, आणि मी कोळीवाड्यातली पहिली मुलगी, जी इंजिनिअरिंगला गेली. कॉलेज नवी मुंबईत, डोंगराच्या पायथ्याशी. रोज बस बदलून जायचे. वर्गातल्या मुली उलवे, खारघर, नेरूळच्या सोसायट्यांमधल्या. त्यांच्या तोंडून 'णमस्कार' निघाला असता तरी कोणी हसलं नसतं. मी तोंड उघडलं की मागच्या बाकावर कुजबुज व्हायची.

सिव्हिल मी हौसेने घेतलं होतं. लहानपणी घराशेजारी समुद्राला बांध घालायचं काम चाललं होतं, ते मी तासन्‌तास बघत बसायचे. वाटायचं, कॉलेजात हे सगळं हाताने करायला मिळेल. पण आमच्या लॅबमध्ये एक लोखंडी कपाट होतं आणि त्याला कुलूप. आत नवी उपकरणं होती. सर्व्हेइंग आणि काँक्रीट, दोन्ही विषय शिकवणारे एकच सर, आणि त्यांचं म्हणणं, मुलांच्या हातात दिलं की मोडतं. म्हणून आम्ही आधीच्या बॅचच्या जर्नलमधली रीडिंग उतरवायचो आणि सर त्यावर सही करायचे. त्यांचा शर्ट कायम पांढरा असायचा. तीन वर्षांत त्यावर मी सिमेंटचा एक ठिपका पाहिला नाही.

तिसऱ्या वर्षाची तोंडी परीक्षा होती. बाहेरच्या कॉलेजातून आलेले परीक्षक आणि शेजारी आमचे सर. पहिले दोन प्रश्न इंग्रजीत निभावले, मग अडकले आणि मराठीवर आले. परीक्षकांनी चांगुलपणाने विचारलं, "बरं, मराठीत सांग. काँक्रीटची ताकद मुख्यतः कशावर अवलंबून असते?"

"सर, पानी आनि सिमेंटच्या प्रमाणावर."

उत्तर बरोबर होतं. परीक्षक मान हलवणार, तेवढ्यात आमचे सर हसले. "पानी? कसलं पानी? झाडाचं?"

मी टेबलावरच्या जर्नलकडे बघितलं.

"पाणी म्हण. म्हण ना. आम्ही थांबलोय."

मी म्हटलं. घाबरल्यावर जीभ आणखीच घरची होते. पुन्हा पानीच आलं. दार उघडं होतं, बाहेर रांगेत उभी असलेली मुलं खिदळली. सरांना चेव चढला. परीक्षकांकडे वळून ते म्हणाले, "ही आमची भावी इंजिनिअर. हिला मासळीबाजारात उभी केली तर निदान धंदा तरी होईल." आणि मला म्हणाले, "जा. आधी बोलायला शिक."

त्या तोंडी परीक्षेत मी नापास झाले. शेवटच्या वर्षी कॉलेजात आलेल्या कंपन्यांना एकही विषय राहिलेला चालत नव्हता, त्यामुळे मला कोणी आत बोलावलंच नाही. परीक्षेच्या दिवशी घरी बाबांनी विचारलं, "काय झाला गो पोरी? कोनी काय बोलला?" मी सांगितलं. बाबांनी हातातलं शिवायला घेतलेलं जाळं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "आपल्या घरान पानीच बोलतान ना गो." मला वाटलं होतं ते चिडतील. ते चिडले नाहीत, ओशाळले. सरांचं बाकीचं सगळं मी कदाचित विसरले असते. बाबांचं ते ओशाळणं विसरले नाही.

पुढे राहिलेला विषय सोडवला आणि तळोज्याला कारखान्यांच्या शेड बांधणाऱ्या एका ठेकेदाराकडे लागले. तिथे मला काहीच येत नाही हे पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना कळलं. ड्रॉइंग उलटं धरलं, पायाची आखणी तिरकी केली, साइट इन्चार्जच्या शिव्या खाल्ल्या. हळूहळू शिकले. लेव्हल, म्हणजे उंची मोजायची तिपाईवरची दुर्बीण, लावायला, सळईचं ड्रॉइंग वाचायला, वाळू मुठीत चोळून तिच्यात माती किती आहे ते ओळखायला. उन्हात उभी राहून यातलं एकेक शिकताना मनात एकच विचार असायचा, हे त्या पांढऱ्या शर्टवाल्या माणसाला येतं का? आणि जितकं शिकत गेले तितकी खात्री पटत गेली की येत नाही. ते कपाट मुलं मोडतील म्हणून बंद नव्हतं. सरांना स्वतःलाच काही येत नव्हतं म्हणून ते बंद होतं.

आता मी द्रोणागिरीत गोदामं बांधणाऱ्या कंपनीत प्रोजेक्ट हेड आहे. तीन-चार वर्षांपूर्वी आम्हाला नवीन इंजिनिअर घ्यायचे होते. एचआरच्या मुलीने विचारलं, कुठल्या कॉलेजात जायचं? मी माझ्या कॉलेजचं नाव सांगितलं. ती खूश झाली, "अय्या मॅडम, तुमचंच कॉलेज! किती छान!" मी म्हटलं, हो ना.

अट मी घातली होती. लेखी परीक्षा नाही, ग्रुप डिस्कशन नाही. कॉलेजच्या ग्राउंडवर, कॉलेजच्याच उपकरणांवर, मुलांनी काम करून दाखवायचं.

सर आता विभागप्रमुख झाले होते. केस पांढरे, शर्टही पांढराच. गेटवर गुच्छ घेऊन उभे होते. "वेलकम मॅडम, वेलकम. आमची मुलं फार तयार आहेत." त्यांनी मला ओळखलं नाही. मी गुच्छ घेतला आणि गोड हसले. असं हसायला मी कित्येक वर्षं मनातल्या मनात शिकले होते.

ग्राउंडवर प्रिन्सिपलही येऊन बसले. आधी कपाटाची चावी सापडेना. शेवटी शिपायाने कुलूप तोडलं. लेव्हल अजून प्लास्टिकच्या पिशवीत होती. मी मुलांना साधं काम दिलं, गेट आणि कँटीनची पायरी यांच्या उंचीतला फरक सांगा. पहिल्या मुलाने तिपाई इतकी वाकडी लावली की ती कलली. दुसऱ्याने दुर्बिणीत डोळा लावला आणि म्हणाला, "मॅडम, काहीच दिसत नाही." भिंगावरचं झाकण तसंच होतं. आधी मुलं हसत होती. मग हसणं बंद झालं. सळईचं ड्रॉइंग पुढे ठेवलं तर खांब कुठला आणि तुळई कुठली यावर दोघांत वाद झाला. प्रिन्सिपल खुर्चीत चुळबुळ करायला लागले.

याच क्षणासाठी मी आले होते. मी अगदी नम्रपणे म्हटलं, "सर, तुम्हीच एकदा लावून दाखवा ना. मुलांना कळेल तरी."

"मॅडम, हे लॅब असिस्टंटचं काम."

"असू दे ना सर. पाच मिनिटांचं काम आहे."

प्रिन्सिपल म्हणाले, "हो, दाखवा ना तुम्ही."

सर पुढे आले आणि वाकले. लेव्हल सरळ बसवायला तिच्या बुडाशी स्क्रू असतात, आणि वर काचेच्या डबीत हवेचा एक बुडबुडा. तो मधोमध आणायचा. त्यासाठी दोन स्क्रू एकदम आत किंवा एकदम बाहेर फिरवावे लागतात. सर एक आत फिरवत होते, एक बाहेर. बुडबुडा तिसरीकडेच पळत होता. कानामागून घाम निघाला आणि कॉलरवर उतरला. मुलं बघत होती. प्रिन्सिपल बघत होते. मी मदत केली नाही. घाईही केली नाही. कोणीतरी मोबाइल काढला तेव्हा मी त्याला ठेवायला सांगितलं, कारण मला ते सगळ्यांच्या उघड्या डोळ्यांसमोर हवं होतं.

शेवटी ते उभे राहिले आणि म्हणाले, "इन्स्ट्रुमेंट खराब आहे."

मी पुढे होऊन स्क्रू फिरवले. बुडबुडा मधे आला. मग मी त्यांच्याकडे वळून म्हटलं, "पानी आनि सिमेंटचं प्रमाण. आठवतंय का सर?"

ते माझ्याकडे बघत राहिले. आव आणत नव्हते, त्यांना खरंच काही आठवत नव्हतं. "सॉरी मॅडम, कशाबद्दल?"

ज्या गोष्टीवर माझी इतकी वर्षं गेली होती, ती त्यांच्या लेखी एक चहाआधीची गंमत होती. ग्राउंडवर मी जिंकले होते आणि हातात काहीच आलं नव्हतं.

आम्ही कोणालाही घेतलं नाही. गाडीत बसताना एक मुलगी धावत आली. कामोठ्याची, बारीकशी, डोळे लाल. म्हणाली, "मॅडम, एक विचारू? आमाला येणार नाही हे तुमाला आधीच माहीत होतं ना?"

"हो."

"मग तुमी सरांना नापास करायला आलेलात. ते तर घरी जाऊन आरामात जेवतील. घरी आमाला सांगायचंय."

तिच्या आवाजात रडण्यापेक्षा राग जास्त होता. मला तो राग ओळखीचा वाटला आणि आवडला. द्रोणागिरीपर्यंत मी तिचंच वाक्य घोळवत राहिले. तिचं बरोबर होतं, सर आरामात जेवणार होते. एका दुपारच्या घामाने त्यांचं काय बिघडलं? ते रोज त्याच वर्गात जाणार होते. मग रोजच काहीतरी व्हायला हवं होतं.

मी प्रिन्सिपलना पत्र लिहिलं. दर रविवारी मुलांना आमच्या साइटवर पाठवा, आम्ही शिकवू, हेल्मेट आणि विमा आमच्याकडे. ग्राउंडवरचं सगळं पाहिल्यावर ते नाही कसे म्हणणार? मुलं यायला लागली. ती कामोठ्याची मुलगी पहिल्या रविवारी सगळ्यांच्या आधी हजर होती. लेव्हल लावायला शिकवली, ड्रॉइंग वाचायला शिकवलं. काँक्रीट पत्र्याच्या शंकूत भरून, शंकू उचलून, ते किती खाली बसतं ते बघायला शिकवलं. ट्रकवाला गुपचूप पाइप लावून तयार काँक्रीटमध्ये पाणी सोडत असेल तर त्याला ठामपणे नाही म्हणायला शिकवलं. मुलं हुशार होती. त्यांना कोणी काही दिलंच नव्हतं.

आणि प्रत्येक रविवारी निघताना मी त्यांना एक प्रश्न द्यायचे. "सोमवारी सरांना विचारा." लेव्हल दोन मोजपट्ट्यांच्या मधोमध न लावता एकीच्या जवळ लावली तर कुठली चूक शिरते? खाडीकाठच्या खाऱ्या हवेत सळईवर काँक्रीटचा थर जास्त जाड का लागतो? उत्तर मुलांना त्याच दिवशी मीच शिकवलेलं असायचं.

सोमवारी संध्याकाळी त्या मुलीचा मेसेज यायचा. "सर म्हणाले सिलॅबसमध्ये नाही." पुढच्या सोमवारी, "सर चिडले. मग आम्हीच फळ्यावर काढून दाखवलं." मग एकदा, "सर तास सोडून गेले." तो मेसेज मी जेवताना वाचला, आणि हात धुतल्यावर परत वाचला. नवऱ्याने विचारलं, "काय गं, एवढी का हसतेस?" मी म्हटलं, ऑफिसचं आहे.

दिवाळीच्या सुट्टीआधी सरांचा फोन आला. आवाज खाली आलेला. "मॅडम, हे थांबवा आता. मुलं माझा अपमान करतात."

"मुलं प्रश्न विचारतात, सर."

"तुम्ही माझी विद्यार्थिनी होतात, मी रेकॉर्ड काढून बघितलं. माझ्याकडून तेव्हा काही बोललं गेलं असेल तर मी माफी..."

"नको," मी मधेच म्हटलं. "माफी मागू नका. मागितलीत तर मला थांबावं लागेल."

मी फोन ठेवला. आणि पुढच्या रविवारचा प्रश्न लिहायला घेतला.

वर्ष संपता संपता त्यांनी विभागप्रमुखपद सोडलं. पुढच्या वेळी आम्ही त्याच कॉलेजातून मुलं घेतली. कामोठ्याची मुलगी आता माझ्या हाताखाली आहे. माझ्यापेक्षा कडक आहे, आणि मला तोंडावर सांगते, "मॅडम, तुमी आमाला शिकवलंत ते आमच्यासाठी नव्हतं." मी म्हणते, नव्हतंच. ती म्हणते, "चालेल, आमाला आलं ना." आमचं छान जमतं.

बाबांना मी हे सगळं सांगितलं. ते आता घरीच असतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "त्या मास्तरची पोरां लहान हायेत का गो?" मी म्हटलं, मोठी आहेत, परदेशात आहेत. "मंग ठीक हाय," म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

गेल्या महिन्यात ती मुलगी सांगत आली की सर पनवेलच्या पलीकडे एका नव्या कॉलेजात लागलेत. तिचा मावसभाऊ तिथे दुसऱ्या वर्षाला आहे. तिथेही कपाटाला कुलूप आहे म्हणे.

मी तिला खुर्चीवर बसायला सांगितलं आणि त्या कॉलेजच्या प्रिन्सिपलचं नाव विचारलं. पत्र त्याच दुपारी गेलं. रविवारी आमच्याकडे अजून एका बसची जागा आहे.