संताच्या आईसाठी एक तुकडा

गावात काही हरवलं की माणसं एव्हांथियाकडे येत. कुणाची बकरी, कुणाची अंगठी, एकदा तर यानाकोसची दातांची कवळी. "मावशी, फानूरिओसला सांग ना आमच्यासाठी," एवढंच म्हणत. एव्हांथिया हात पुसून परात काढायची. ऑलिव्हचं तेल, संत्र्याचा रस, अक्रोड, दालचिनी. अंडं नाही, लोणी नाही.

संत फानूरिओस हरवलेलं दाखवतो, अडलेलं सोडवतो, पण स्वतःसाठी काही मागत नाही. मागतो ते आईसाठी. ती बाई म्हणे हयातभर इतकी जळकी होती, की मुलगा संत झाला तरी तिची नरकातून सुटका झाली नाही. म्हणून केक भाजायचा, चर्चमध्ये नेऊन पाद्रीबाबांकडून प्रार्थना म्हणवून घ्यायची आणि आळीत वाटायचा. खाणाऱ्याने म्हणायचं, "देव त्याच्या आईला क्षमा करो." ज्याच्या ज्याच्या हातात तुकडा पडला त्या प्रत्येकाने हे म्हटलं, तरच मागणं पुरं.

नवरा गेल्यापासून एव्हांथियाला हाच एक मान उरला होता. ती रस्त्याने निघाली की कॉफीच्या दुकानाबाहेर बसलेले म्हातारे पसरलेले पाय आवरून घेत.

मग खालच्या गावातून क्लेओनिकी बहिणीकडे राहायला आली. हसली की गालाला खळी पडायची, या वयात! तिने कुणाच्या तरी हरवलेल्या गाढवासाठी केक केला, आणि केक निवायच्या आत गाढव दारात हजर.

"मावशी, तुझा केक चांगलाच असतो गं," शेजारची स्तामाता म्हणाली, "पण तिचा अगदी कापसासारखा होतो."

"का, संताच्या आईला दात नव्हते वाटतं?" एव्हांथिया म्हणाली आणि घरी येऊन स्वच्छ परात पुन्हा घासत बसली. गाढवाला भूक लागली असेल, आलं घरी, यात संताचा काय संबंध, असं ती परातीलाच सांगत होती. पण लोक क्लेओनिकीच्या दाराकडे वळू लागले. तिथून दालचिनीचा वास आला की एव्हांथिया खिडकी लावून घ्यायची, आणि मग फटीतून बघायची, आज कोण आलंय.

एका दुपारी क्लेओनिकी ताटली घेऊन तिच्याच दारात उभी राहिली.

"घे गं. खा, आणि त्या माउलीसाठी एक शब्द टाक."

"कुणाचं काय हरवलंय?"

"हरवलं नाही. आर्यिरोसाठी आहे. मूल व्हावं म्हणून." क्लेओनिकी गोंधळली. "तुला ठाऊक असेल असं वाटलं मला."

आर्यिरो एव्हांथियाची एकुलती एक लेक. एव्हांथियाने ताटली घेतली, दार लावलं आणि मागच्या अंगणात जाऊन तुकडा कोंबड्यांपुढे टाकला. कोंबड्या तुटून पडल्या. त्यांनाही तो आवडला, याचाही तिला राग आला.

संध्याकाळी लेक आली. रिकामी ताटली बघून तिचा चेहरा उजळला. "खाल्लास? म्हटलंस?"

एव्हांथियाने ताटली उचलून बाजूला ठेवली. "सगळ्या गावासाठी मी परात धरली. माझ्या लेकीला मात्र ती खळीवाली सापडली!"

"आई, तुला सांगितलं असतं तर तू स्वतःसाठी नातू मागितला असतास. मला मूल हवंय. तिला यातलं काहीच नकोय. ती फक्त माझ्यासाठी मागेल."

आर्यिरो निघून गेली. एव्हांथिया अंगणात आली. जमिनीवर कणसुद्धा उरला नव्हता. सगळ्या आळीने म्हटलं असेल, स्तामातानेही, यानाकोसने कवळी सावरत. आणि एका घरातून तो शब्द गेलाच नव्हता. लेकीचं मागणं आपल्या दारात अडलंय, हे तिला कळलं.

क्लेओनिकीकडे जाणं म्हणजे मरण. तरी शाल घेऊन ती गेली. रस्त्यात कुणी भेटलं नाही, तेवढीच देवाची कृपा.

"उरलाय का एखादा तुकडा?"

"सगळा वाटला गं. माझा स्वतःचा तेवढा राहिलाय." क्लेओनिकीने तिच्याकडे नीट पाहिलं. "तुझ्या तुकड्याचं काय झालं?"

"कोंबड्यांनी खाल्ला."

"आपणहून?"

क्लेओनिकीच्या गालाला खळी पडली. तिने आपल्या तुकड्याचे दोन भाग केले. मोठा पुढे केला. तेही एव्हांथियाला सहन होईना, पण तिने तो घेतला आणि उभ्याउभ्याच खाल्ला. कापसासारखाच होता. मेलीला जमतं कसं?

"देव त्याच्या आईला क्षमा करो," ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, जरा हळू, "फार जळायची बिचारी."

"हो ना," क्लेओनिकी म्हणाली. "पाणी देऊ?"

"नको." उंबऱ्यापाशी एव्हांथिया थांबली. "संत्र्याचा रस जास्त झालाय," ती म्हणाली आणि शाल घट्ट ओढून चालू लागली.