अर्ध्या पानाचं नाटक

आखातात, वादी कबीरच्या भारतीय शाळेत मी हिंदी शिकवायचे आणि लिंडा तुस्कानो इतिहास. लिंडा वसईची. आवाज असा खणखणीत, की खाली उभ्या बसवाल्यांनाही फ्रेंच राज्यक्रांती पाठ व्हावी. नववीच्या त्या धड्यात गुलामांच्या व्यापारावर जेमतेम अर्धं पान होतं. बाकीचे शिक्षक ते वाचून पुढे सरकत. लिंडा मात्र त्याला तीन तास द्यायची आणि पोर्शन मागे पडला म्हणून बोलणी खायची. मला तिचा अभिमान वाटायचा. तिला स्वतःला तर माझ्याहून जास्त.

२०१३ साली तिने त्याच अर्ध्या पानावर असेंब्लीसाठी इंग्रजी नाटुकलं बसवायला घेतलं. फ्रेंच व्यापारी म्हणून गोरागोमटा अ‍ॅलन. गुलाम मुलगी म्हणून तिने क्षणाचाही विचार न करता प्रियांकाकडे बोट केलं. प्रियांका चिपळूणकडची. लग्नाच्या जाहिरातीत म्हणतात तशी सावळी नव्हे, चांगली काळी. "मेकअप वाचला," मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला, प्रियांकाही हसली. मी दारात होते, मीही हसले. आज ते आठवलं की लाज वाटते.

मधल्या सुट्टीत प्रियांका स्क्रिप्ट घेऊन स्टाफरूममध्ये आली.

"मॅम, माझा एकपण डायलॉग नाहीये. अ‍ॅलनचे ट्वेल्व्ह आहेत."

"अगं, तुला नुसतं साखळीत उभं राहायचंय."

"ते कोणीपण करेल ना. मग मीच का?"

मुलगी कागद टेबलावर ठेवून निघून गेली.

"ही पोरगी आता माझ्या तासाला काय ऐकेल गं?" लिंडा म्हणाली. असेंब्लीची काळजी तिला नव्हतीच. मग तिने सांगितलं, लहानपणी नाताळच्या नाटकात तिला दरवर्षी बाळाच्या दर्शनाला येणाऱ्या तीन राजांतला काळा राजा करायचे, दाढी चिकटवून. तिला बाळाची आई, मरिया व्हायचं होतं. सांगता सांगता तिचे डोळे भरले, आणि मग तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी वर्गात ती आवाज न चढवता म्हणाली, "प्रियांकाला मी रंग बघून निवडलं. चुकलं माझं. सॉरी, प्रियांका." मग तिने एका डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. व्यापारी आला भिडस्त जोआनच्या वाट्याला. प्रियांकाने चिठ्ठी उघडली, तर पुन्हा गुलाम मुलगीच. लिंडा घाईघाईने चिठ्ठी परत घ्यायला गेली, तर प्रियांकाने मूठ मिटली.

"नको मॅम, आता चिठ्ठीने आलंय. पण माझे डायलॉग मी लिहिणार. आधी दाखवणार नाही."

लिंडाने मान्य केलं. तीन दिवस ती सुखात होती, तिसऱ्या मजल्यावरून पुन्हा खणखणत होती. मला म्हणाली, "काय लिहितेय कोण जाणे, पण लिहितेय."

गुरुवारी असेंब्ली झाली. जोआनने जहाजावरच्या माणसांची किंमत सांगितली. प्रियांका एक पाऊल पुढे आली आणि इंग्रजीत म्हणाली, "आधी माझं नाव विचार."

जोआन बारा वाक्यं घोकून आली होती, त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं. सातशे मुलं वाट बघत होती. माझ्या शेजारी लिंडा पुटपुटली, "विचार ना गं."

जोआनने विचारलं. प्रियांकाने त्या गुलाम मुलीसाठी स्वतः ठरवलेलं नाव सांगितलं, मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं.