बाळकृष्णाची टाच

"अजून," ही म्हणाली.

त्या संध्याकाळी स्टोव्हवर चिंचोक्याची खळ शिजत होती. मी ढवळत होतो. ही थेंब दोन बोटांत धरून तार येते का बघत होती. चारदा "अजून" झालं. मग, "पुरे. उतरवा. हात चालतो म्हणायचा तुमचा!" चाळीस वर्षांच्या संसारात कौतुक याच्यापुढे कधी गेलं नाही.

मद्रासला, एग्मोर स्टेशनमागे, एका चेट्टियारांच्या खाजगी चित्रसंग्रहात मी राखणदार होतो. ही तिथंच झाडलोट करायची. तंजावरची, चित्रं करणाऱ्यांच्या घरातली. पण झाडूवालीला हे कोण विचारतो, तुम्हीच सांगा.

तिथल्या एका तंजावरी चित्रातल्या बाळकृष्णाची टाच लाकडी फळीवरून सुटायला लागली. जुनी चित्रं दुरुस्त करणारे, बाहेरदेशी शिकलेले डाक्टर बोलावले. मूळचा डिंक कसला ते कळल्याशिवाय हात लावायचा नाही म्हणाले, आणि टाच खरवडली. नमुना कमी पडला. पुन्हा खरवडली. तीन महिन्यांनी कागद आला: पदार्थ वनस्पतीचा आहे. एवढं कळेपर्यंत देवाची अर्धी टाच संपली होती.

हिनं खाली पडलेली खपली उचलली, बोट ओलं करून चोळली.

"चिंचोके."

"पुरावा काय, अम्मा?" डाक्टरांनी विचारलं.

"माझी आजी."

डाक्टर तराजू, थर्मामीटर घेऊन घरी आले.

"किती मिनिटं शिजवायची?"

"तार येईपर्यंत."

त्यांनी अठरा मिनिटं लिहून घेतली. त्यांची खळ एकदा ओघळली, एकदा तडकली. शेवटी चेट्टियार वैतागले, "बाईंनाच करू द्या." त्या संध्याकाळी शिजत होती ती हीच खळ.

पहाटे ही उठलीच नाही. दुपारपर्यंत सगळं आटोपलं. संध्याकाळी डाक्टर भेटायला आले. रडले, खोटं नाही सांगत. मग पातेल्याकडे बघून हळूच म्हणाले, "हे घासू नका हं. उद्या माणूस पाठवतो. नमुना घेऊ, प्रमाण तरी कळेल."

"चिंचोके आणि पाणी," मी म्हणालो. "बाकीचं दुपारी जाळून आलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माणूस यायच्या आत पातेलं घेऊन निघालो. किल्ल्या माझ्याकडेच. सुतकात देवाला शिवू नये म्हणतात. तपासणीशिवाय चित्राला शिवू नये, असं डाक्टर म्हणतात. दोघांचंही ऐकलं नाही. खळ कडेनं वाळली होती, मधे ओली होती. दोन बोटांत धरली. तार आली. तरी जरा थांबलो, कुणी "पुरे" म्हणतंय का बघत.

मग उरलेली टाच चिकटवली, आणि वर अंगठा दाबून दार उघडायच्या वेळेपर्यंत तसाच उभा राहिलो.