घरचंच रक्त

यासीनच्या हातात सुई होती, रक्ताची पिशवी भरत आली होती, आणि तो तिसऱ्यांदा तेच विचारत होता.

"मॅडम, ही पिशवी नसरीनलाच जाणार ना? दुसऱ्या कुणाला नाही ना?"

मी म्हटलं, "अरे बाबा, तुझ्यासमोर नाव लिहिते. मग तर झालं?" आणि लेबलवर दात्याच्या नंबरखाली पेनने लिहिलं: नसरीन. असं लिहायची आमच्याकडे पद्धत नव्हती. लिहू नये, अशीच पद्धत होती.

मी पुण्यातल्या एका मध्यम रुग्णालयाच्या रक्तपेढीत टेक्निशियन होते. नोकरीची सगळी वर्षं तिथेच गेली. रक्तपेढीचा नियम साधा असतो. पेशंटच्या नातेवाइकांनी रक्त द्यायचं, ते सगळ्यांच्या फ्रिजमध्ये जातं, आणि पेशंटला तपासलेली, जुळणारी, आधीपासून तयार असलेली पिशवी मिळते. याला आम्ही रिप्लेसमेंट म्हणायचो. नातेवाइकांना हे कधीच पटत नाही. घरचं ते शुद्ध आणि बाहेरचं ते भेसळीचं, हा नियम लोक तुपाला लावतात तसा रक्तालाही लावतात. आणि त्या काळी ते अगदीच चूक होते असंही नाही. रक्त विकणारे लोक रुग्णालयाच्या फाटकाशी उभे असायचे. त्यांच्यातल्या काहींचे चेहरे पाहिले तर मी स्वतः त्यांचं रक्त माझ्या माणसाला दिलं नसतं.

यासीनचं नारायण पेठेत बाइंडिंगचं दुकान होतं. पाठ्यपुस्तकं, कॉलेजचे प्रबंध, जुन्या पोथ्या, सगळं तो बांधायचा. वडिलांना मधुमेह, त्यामुळे दुकान आणि घर दोन्ही त्याच्याच खांद्यावर. नसरीन त्याची एकुलती बहीण. डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होती, मराठी माध्यमाच्या शाळेत शिक्षिका व्हायचं ठरवून बसलेली. हातापायांवर काळे-निळे डाग उठायला लागले, तेव्हा आईला वाटलं कुठेतरी आपटली असेल. मग दात घासताना हिरड्यांतून रक्त थांबेना, म्हणून आमच्याकडे आणलं.

तिचा रक्ताचा रिपोर्ट मीच केला. रक्तात तीन प्रकारच्या पेशी असतात. लाल पेशी प्राणवायू नेतात, पांढऱ्या जंतूंशी लढतात, आणि प्लेटलेट नावाचे बारीक कण रक्त गोठवून गळती बंद करतात. एक प्रकार कमी असला तर कारणं शंभर. नसरीनचे तिन्ही कमी होते. तिन्ही कमी म्हटलं की नजर हाडाकडे जाते.

कारण रक्त तयार होतं हाडाच्या आत. मज्जेत. लाल पेशी तीन-चार महिने टिकते, प्लेटलेट आठवडा-दीड आठवडा, पांढऱ्यांतल्या बऱ्याचशा तर त्याहूनही कमी. म्हणजे आपल्या अंगातलं रक्त हे कायमचं नसतंच. ते रोज मरतं आणि मज्जा रोज नवं करून पाठवते. आपल्याला पत्ताही नसतो.

कमरेच्या हाडात मागच्या बाजूने जाड सुई घालून मज्जा काढतात. आमचे पॅथॉलॉजिस्ट, आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो, त्यांनी ती काढली. मी काचपट्ट्यांवर पसरली, रंगवली, आणि त्यांच्याआधी मायक्रोस्कोपखाली धरून पाहिली. निरोगी मज्जेत पेशींची मंडईसारखी दाटी असते. इथे नुसते चरबीचे गोल होते, वरणावर तूप तरंगावं तसे. सरांनी भिंगाला डोळा लावला, काचपट्टी थोडी इकडेतिकडे सरकवली आणि म्हणाले, "बाई, सगळी रिकामी आहे हो."

या आजाराला अप्लास्टिक अ‍ॅनिमिया म्हणतात. कॅन्सर नव्हे. मज्जा काम सोडून देते, एवढंच. यासीनला वाटत होतं, बाइंडिंगच्या खळीचा वास तिला बाधला. सर म्हणाले तसं काही नाही. कारण सापडलं नाही. बहुतेक वेळा सापडत नाही.

आता मज्जा रक्त करत नाही, म्हणजे बाहेरून देत राहायचं. आमच्याकडे तेव्हा रक्ताचे घटक वेगळे करायचं मशिन नव्हतं. फ्रिजमधल्या रक्तात प्लेटलेट टिकत नाहीत. नसरीनच्या नाकातून रक्त सुरू झालं की त्याच दिवशी काढलेलं ताजं रक्त लागायचं, आणि ते आयत्या वेळी कुठून आणणार? यासीन म्हणाला, "आमचं घराणं मोठं आहे, मॅडम. तुम्ही फक्त बोलवा."

मी त्यांची यादी केली. याद्या करण्यात मी हुशार. त्या घरात तिच्या गटाचं रक्त भरपूर निघालं. येरवड्याचे मामा, दोन चुलत भाऊ, लोणी काळभोरचा आतेभाऊ, आणि यासीन स्वतः. कोण कधी देऊन गेला, तीन महिने कधी पुरे होतात, पुढची पाळी कुणाची, कुणाचा निरोप कुणाकडे ठेवायचा, सगळं लिहून ठेवलं. आतेभाऊ तर दर वेळी उठताना म्हणायचा, "घ्या की अजून. मला काय बी होत न्हाई." माझे सुटे कागद पाहून यासीनला राहवलं नाही. त्याने मला एक वही बांधून आणली. कापडी पाठ, कोपऱ्यांना चामडं, आत आखीव पानं. इतकी सुंदर वही मला आयुष्यात कुणी दिली नव्हती.

नसरीनने ती चाळली आणि हसली. म्हणाली, "मॅडम, हा तर हजेरीपट झाला." मग खाटेवर पडल्या पडल्या एकेकाचं नाव घेऊन हजेरी घ्यायला लागली. येरवड्याचे मामा आले की त्यांना "हजर" म्हणायला लावायची. तिला अंगात ताकद नसायची, पण आवाज अख्खा वर्ग गप्प बसवायला पुरेल एवढा होता.

जवळजवळ वर्षभर आम्ही तिला असं धरून ठेवलं. आमच्या रुग्णालयात कौतुक होत होतं. एकदाही तिला रक्त कमी पडलं नाही, आणि एकदाही बाहेरचं लागलं नाही. मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

मग मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयातले रक्तविकारतज्ज्ञ व्याख्यानासाठी पुण्यात आले होते. सरांनी त्यांना नसरीनचे कागद दाखवले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, भावंडं आहेत का? दुसऱ्याची निरोगी मज्जा घालता येते, पण तिच्या पेशींवरच्या मुख्य खुणा जुळाव्या लागतात. या खुणा अर्ध्या आईकडून आणि अर्ध्या वडिलांकडून येतात, म्हणून सख्ख्या भावंडात जुळायची शक्यता चारात एक. यासीनचं रक्त तपासायला गेलं. पूर्ण जुळलं.

तो मिठाईचा पुडा घेऊन आला तेव्हा नीट बोलूही शकत नव्हता. एका ट्रस्टने खर्चाची हमी घेतली होती. तो सरांना, मला, झाडूवाल्या मावशींना, सगळ्यांना पेढे देत सुटला. "बघा मॅडम, मी म्हणत नव्हतो? शेवटी घरचंच कामाला येतं." मुंबईला जाताना मी त्याच्याकडे ती वही दिली. आधी किती रक्त दिलंय ते तिकडे विचारतील, त्यांना कामाला येईल म्हणून.

दोन दिवसांनी सरांच्या खोलीत फोन आला. तेच डॉक्टर होते आणि त्यांना माझ्याशी बोलायचं होतं.

"ही वही तुम्ही ठेवलीत?"

"हो."

"फार व्यवस्थित आहे." मला वाटलं, आता शाबासकी येणार. "यातले किती जण पेशंटच्या रक्ताच्या नात्यातले?"

"सगळे," मी म्हटलं. "बाहेरचा एकही नाही."

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग ते शांतपणे सांगत गेले. रागावले असते तर बरं झालं असतं. रक्तगट जुळतो म्हणजे ठळक खुणा जुळतात. मज्जेसाठीच्या मुख्य खुणा जुळल्या तरी बारीक खुणा मागे राहतातच, आणि सख्ख्या भावाच्याही त्या थोड्या वेगळ्या असतात. आपण रक्त देतो तेव्हा त्यातल्या पांढऱ्या पेशींबरोबर त्याही जातात. नसरीनचं शरीर वर्षभर या घराण्याच्या बारीक खुणा पुन्हा पुन्हा पाहत होतं आणि त्यांच्याविरुद्ध तयारी करत होतं. आता त्याच खुणा घेऊन यासीनची मज्जा येणार. परक्याचं रक्त दिलं असतं तर धोका पुष्कळ कमी राहिला असता. मज्जारोपण होण्याची शक्यता असेल तर घरच्यांचं रक्त टाळायचं असतं.

"आता?" मी विचारलं.

"आता दुसरा मार्ग नाही. औषधं जास्त जोरात देऊ. प्रयत्न करू."

फोन ठेवून मी सरांकडे वळले आणि विचारलं, हे पुस्तकात आहे का? ते उठले, कपाटातून जाड पुस्तक काढलं आणि अनुक्रमणिका न पाहता पान उघडून माझ्यासमोर ठेवलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"वाचलं होतं." त्यांनी चष्मा काढला. "अहो बाई, पेठेतल्या बाइंडरची बहीण. ती मज्जारोपणापर्यंत पोचेल असं कुणाच्या मनात तरी आलं होतं का?"

माझ्याही मनात आलं नव्हतं. आम्ही तिला जगवत होतो ते दिवसादिवसाने. तिचं पुढे काही होईल असं धरूनच चाललो नव्हतो, म्हणून पुढचा विचार केला नाही. आजही मला वहीपेक्षा ही गोष्ट जास्त टोचते.

यासीनच्या कमरेच्या हाडातून मज्जा काढली आणि नसरीनच्या शिरेतून रक्तासारखीच चढवली. मज्जेला हाडापर्यंत नेऊन सोडावं लागत नाही. ती रक्तातून फिरत आपली जागा शोधते, नवीन घरी रुजते. तिसऱ्या आठवड्यात नसरीनच्या पांढऱ्या पेशी दिसायला लागल्या. तिने मला पोस्टकार्ड लिहिलं, शिक्षिकेच्या वळणदार अक्षरात: "मॅडम, पांढऱ्या पेशी हजर. लाल पेशी उशिरा येणार, पालकांची चिठ्ठी आणली आहे."

ते कार्ड माझ्या हातात पडलं त्याच दुपारी सरांना फोनवर कळलं होतं की पेशी पुन्हा खाली आल्यात. शरीराने मज्जा टाकून दिली होती. मुंबईत पुन्हा काचपट्टी पाहिली, पुन्हा तेच. रिकामी. मग ताप आला आणि लढायला आत काहीच नव्हतं. दहाव्या दिवशी ती गेली. मी ते कार्ड घेऊन स्टोअर रूममध्ये गेले, दार लावलं आणि रडले. बाहेर आले तेव्हा एक गृहस्थ खिडकीशी भांडत होते की आमचं रक्त आम्हालाच द्या.

महिनाभराने यासीन आला. वही परत करायला. काउंटरवर ती ठेवली आणि उभाच राहिला.

"मॅडम, एक विचारू? माझ्या मज्जेत काही खोट होती का? तिकडे कुणी नीट सांगितलं नाही. अम्मी म्हणते, सख्ख्या भावाचं तिच्या अंगाने घेतलं कसं नाही."

मी दोन गोष्टी करू शकत होते. गप्प राहिले असते तर तो जन्मभर स्वतःच्या हाडांना दोष देत बसला असता. खरं सांगितलं तर तो दिलेल्या प्रत्येक पिशवीला दोष देणार. यातलं बरं कुठलं ते मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही. मी खरं सांगितलं. खुणांचं, तयारीचं, फोनचं, सगळं. "खोट तुझ्यात नव्हती. तू चांगलं दिलंस. घ्यायला नको होतं ते मी घेतलं."

तो बराच वेळ वहीवरच्या कापडावरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही कुठे मागितलं होतं, मॅडम? मीच मागे लागलो होतो." आणि गेला. त्याने मला माफ केलं असं मी कधी म्हणणार नाही. त्याने दोष स्वतःकडे ओढून घेतला, आणि ते मला पाहवलं नाही.

दुधाने तोंड पोळल्यावर ताक फुंकून प्यायचं, ते मी केलं. फॉर्ममध्ये एक ओळ घालून घेतली: "पेशंटच्या मज्जारोपणाची शक्यता आहे काय? असल्यास रक्ताच्या नात्यातील दाता नको." काउंटरवर पाटीही लावली. सरांनी विचारलं, आपल्याकडे मज्जारोपणाचे पेशंट येतात कुठे? मी म्हटलं, येत नाहीत असं समजूनच तर झालं सगळं. लोक पाटी वाचायचे आणि माझ्याशी वाद घालायचे. सख्ख्या भावाचं चालत नाही, ही काय पद्धत झाली? मी कुणाला समजावत बसले नाही.

वर्ष उलटून गेल्यावर एका सकाळी यासीन पुन्हा आला. पेशंट कुणी नव्हता. फॉर्म भरला, बाही वर केली आणि त्याच टेबलावर आडवा झाला. मी सुई घातली. पिशवी भरायला लागली तसं त्याने विचारलं, "हे कुणाला जाणार?"

"माहीत नाही. ज्याला लागेल त्याला."

"कळलं तरी मला सांगू नका," तो म्हणाला आणि तोंड भिंतीकडे केलं.

मी लेबलवर नंबर टाकला. त्याखाली काही लिहिलं नाही.