मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

मास्तरांनी तीस वर्षांत चार हजार माणसांना गाडी शिकवली, आणि स्वतः चालवली ती फार तर गल्लीच्या टोकापर्यंत. खोटं नाही सांगत! मास्तर बसायचे शिकणाऱ्याच्या शेजारी. तिथं त्यांच्या पायाशी वेगळा ब्रेक होता, आणि तेवढाच त्यांचा पराक्रम. शिकणाऱ्यानं जरा धीर केला की हे ब्रेक दाबणार आणि वर ऐकवणार, "मी नसतो तर गेला होतास आज!" उंटावरचा शहाणा तो हाच.

ड्रायव्हिंग स्कूलची ही गाडी रोज सकाळी पंपावर नेऊन पेट्रोल भरून आणायची ती मास्तरांची बायको. बावीस वर्षं, एकही खाडा नाही. पण मास्तरांच्या लेखी त्याला किंमत शून्य. "ते पेट्रोल आणणं झालं," ते म्हणायचे. "ड्रायव्हिंग वेगळं."

मग समोरच दुसरं स्कूल निघालं. त्या पोरानं काचेत रॅलीचे चार कप मांडले आणि मास्तरांची गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून पलीकडे गेली. उरले तिघं. मास्तर पेटले. आडरानातल्या सहाशे किलोमीटरच्या रॅलीत त्यांनी नाव घातलं, वाटेची वही वाचायला शेजारी बायको. "गाडी शेवटपर्यंत नेली नाही तर स्कूलला कुलूप लावीन," असं न्हाव्याच्या खुर्चीत बोलून बसले. न्हाव्याला सांगितलं म्हणजे गावालाच सांगितलं की!

डांबर संपलं, खडी लागली आणि मास्तरांची पाचावर धारण बसली. अर्ध्या मैलावर बकरी दिसली तरी हे थांबणार. कोरड्या ओढ्यात तर गाडी पाचदा बंद पडली आणि चाकं वाळूत रुतली. मागून हॉर्नचा नुसता गदारोळ.

बायकोनं वही मिटली. "अहो, उतरा."

"म्हणजे?"

"म्हणजे इकडे या. मी तिकडे बसते."

तिनं गाडी हळूच मागे घेतली, एका दमात ओढ्याबाहेर काढली. मास्तर मात्र आता आपल्या जुन्या जागी, आणि पायाशी तो ब्रेक! पाय शिवशिवणारच. चढावर गाडीनं जोर धरला की हे ब्रेक दाबणार, की गाडी बंद. दोनदा बाईंनी गाडी पुन्हा सुरू केली. तिसऱ्यांदा त्यांनी रॅलीच्या पुढच्या चौकीवर मेकॅनिकला हाक मारली.

"दादा, यांच्या पायाखालचा ब्रेक तेवढा काढून द्या."

"अगं, मरशील!"

"चार हजार जगले ना तुमच्या हाताखाली? मीही जगेन."

सुटलेलं पेडल बाईंनी मास्तरांच्या मांडीवर ठेवलं. उरलेले चारशे किलोमीटर ते पेडल कवटाळून मास्तर बसले. चौतीस गाड्यांत नंबर आला एकतिसावा, पण गाडी पोहोचली. कुलूप टळलं.

गाडी कुणी पोहोचवली ते गावभर झालं, आणि आठवड्यात अकरा नवी नावं आली. प्रत्येकाचा प्रश्न एकच: "बाईच शिकवणार ना?" पोटाचा प्रश्न होता, मास्तर हो म्हणाले. ब्रेक परत बसवला. शेजारी आता बाई बसतात, आणि तो क्वचितच दाबतात.

बाईंना सकाळपासून उसंत नसते, म्हणून पेट्रोल भरून आणायचं काम मास्तरांकडे आलं. परवा पंपावर न्हाव्यानं गाठलंच. "काय मास्तर, ड्रायव्हिंग सुटलं वाटतं?"

"सुटलं कसं?" मास्तर उखडले. "हे काय, ड्रायव्हिंग नाही?"