पाण्याचा निचरा : लागू नाही

आमच्या ऑफिसात किस्से साठतात ते चहाच्या वेळेला. खालच्या कॅफेटेरियातून दीड दिरहमचा करक चहा येतो, म्हणजे पस्तीसेक रुपये (इथे येऊन वीस वर्षं झाली, हा गुणाकार काही सुटत नाही), आणि कोणीतरी सुरू होतं, "अरे, परवा काय झालं माहितीये?" आमचं काम इन्शुरन्सच्या सर्व्हेचं. दुबई-शारजातली गोदामं, दुकानं बघायची आणि लिहून द्यायचं की इथे आग लागेल का, चोरी होईल का, पाणी शिरेल का. दुसऱ्यांच्या चुका शोधायचाच पगार म्हटल्यावर किश्शांना काय तोटा! सगळ्यात रंगवून मीच सांगायचो.

हल्ली जरा अडचण झालीये. अलीकडचे चांगले किस्से सगळे माझ्यावरचेच आहेत. सांगतो, खुशाल हसा. मला हसू येत नाही, तो माझा प्रश्न.

०

आमच्या फॉर्मच्या शेवटच्या पानावर दोन ओळी असतात. 'वादळाचा धोका' आणि 'पाण्याचा निचरा'. अकरा वर्षं मी पहिलीपुढे 'नगण्य' आणि दुसरीपुढे 'लागू नाही' लिहीत आलो. लिहीत कसला, गेल्या वर्षीचा रिपोर्ट उघडायचा, नाव आणि तारीख बदलायची, सेव्ह, खलास! वाळवंटात निचरा काय बघायचा?

एकदा फुजैराला मासळीच्या एका कोल्ड स्टोअरचा सर्व्हे केला. आमचे मॅनेजर मॅथ्यू साहेब कोट्टयमचे. शांत माणूस, आवाज कधी चढत नाही. त्यांनी माझा रिपोर्ट माझ्याच टेबलावर आणून ठेवला. पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'जागा समुद्रापासून बरीच आत आहे.' दुसऱ्या पानावर मीच काढलेला फोटो. कोल्ड स्टोअरच्या भिंतीला टेकवून ठेवलेली होडी, आणि मागे हे एवढाले लाटांचे पट्टे.

मॅथ्यू साहेबांनी होडीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "सुहास, ये बोट चलके आया क्या?"

अख्खं ऑफिस हसलं. मीही हसलो. शारजाच्या कुठल्याशा गोदामातून आलेली ती ओळ खोडली. आणि 'वादळाचा धोका : नगण्य' तसंच ठेवलं!

०

मग आमच्याकडे प्राजक्ता आली. नाशिकची मुलगी, हवामानाचा अभ्यास केलेली, वय माझ्या दुबईतल्या वर्षांपेक्षा थोडंच जास्त. एकदा जेवताना मॅथ्यू साहेबांनी तिला विचारलं, हवा गरम होतेय म्हणून वादळं खरंच जास्त नासधूस करायला लागलीत, की टीव्हीवालेच ओरडतात?

तिने डबा बाजूला सरकवला. म्हणाली, "सर, वादळांची संख्या वाढली असं छातीठोक नाही सांगता येत. पण समुद्र तापला की वादळाला खायला जास्त मिळतं, त्यामुळे जी होतात त्यांतली जास्त जोरदार होण्याची शक्यता वाढते. गरम हवेत पाणी जास्त मावतं, म्हणून पाऊस जास्त. समुद्र वर आलाय, म्हणून लाट आणखी आत. आणि नुकसान वाढतं त्याचं आणखी एक कारण आहे. आपण लाटेच्या वाटेतच बांधतो."

मला कुठे गप्प बसवतंय! मी म्हटलं, "अगं, पावसाला कंटाळूनच तर आम्ही इथे आलो."

"समुद्राला ते कोणी सांगितलेलं नाही ना सर," ती म्हणाली आणि भाजी वाढून घेतली.

घरी येऊन हे मी हसत हसत सांगितलं. माझी मुलगी ईरा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "बट बाबा, द सी इज लाइक सूप." खरंच होतं. जुलैत आम्ही बीचवर गेलो होतो आणि पाच मिनिटांत बाहेर आलो होतो. आंघोळीचं पाणी तेवढं गरम काढलं तर बायको म्हणेल, गिझर बंद करा. माझ्या पायांना कळलं होतं. डोक्यापर्यंत पोचलं नाही.

०

आता शैलाकाकू. दुबईत ज्या मराठी घरात दिवाळीला चकली असते, ती बहुधा काकूंची. मूळच्या गुहागरच्या, वय बासष्ट, नवरा गेल्यावर हिमतीने धंदा उभा केलेला. अल कूझमध्ये एक गोदाम, तिथेच स्वयंपाकघर, हाताखाली कोकणातल्या चार बायका. त्या चौघींचा व्हिसा काकूंच्या लायसन्सवर. लायसन्स गेलं की पाच बायका विमानात.

मी सर्व्हेला गेलो तर काकू दाराशीच उभ्या. "सुहासभाऊ, हे बघा. रस्ता वर आणि माझं दार खाली. पाणी आलं तर सरळ आत येईल हो! मी म्हणते, शटरखाली चांगला फूटभर उंबरा घालून घेते. गवंडी सांगून ठेवलाय."

मी म्हटलं, "काकू, पाणी येणार कुठून? टँकरवाल्याला पत्ता दिलाय का?"

चारी बायका फिदीफिदी हसल्या. मला चेव आला.

काकू म्हणाल्या, "हसू नका. वादळ बघितलंय मी. आमच्या घराचं छप्पर शेजाऱ्यांच्या विहिरीत सापडलं होतं."

"ते गुहागर, काकू. ही दुबई आहे. उंबरा घातलात तर ट्रॉल्या अडकतील, ह्या बायका पडतील, उगाच खर्च. मी सर्व्हेअर आहे ना? मी सांगतो, नका घालू."

काकूंनी माझ्यासमोरच गवंड्याला फोन करून 'नको' म्हणून सांगितलं. वर सल्ल्याबद्दल अर्धा किलो चकली बांधून दिली. घरी येताना गाडीतच मी पाव किलो संपवली. पाण्याचा निचरा : लागू नाही!

०

२०२४च्या एप्रिलमधला दुबईचा पाऊस सगळ्या जगाने मोबाइलवर पाहिला. मी अल बर्शातल्या माझ्या नवव्या मजल्यावरून पाहिला. सकाळी आमचा वॉचमन बशीर धापा टाकत वर आला. "साब, सब लोग बेसमेंट से गाडी निकाल रहा है. आप भी निकालो."

मी चहाचा कप हातात घेऊन त्याला म्हटलं, "अरे बशीर, मैं सर्व्हेअर हूँ. इस बेसमेंट में पानी नहीं आता."

बिचारा एवढ्या आदराने बघून गेला! आणि गेला तो गप्प बसला नाही. आणखी तिघांना जाऊन म्हणाला, "सर्व्हेअर साब ने बोला है, पानी नहीं आएगा."

दुपारी बेसमेंटमध्ये बरोबर चार गाड्या होत्या. तीन त्यांच्या आणि एक माझी. एकमेकींना हळूच धडका देत फिरत होत्या. ईरा जिन्यावरून वाकून म्हणाली, "बाबा, ॲट लीस्ट अवर्स इज फ्लोटिंग."

ते तिघे लिफ्टमध्ये भेटले की मजल्यांचे आकडे बघत राहायचे. महिनाभर मी नऊ मजले चढून जात होतो. बायको शेजारणींना सांगायची, हे वजन कमी करताहेत.

०

ऑफिस उघडल्यावर मॅथ्यू साहेब म्हणाले, असा पाऊस शंभर वर्षांत एकदा होतो. हो गया. आता आपण रिटायर होईपर्यंत निवांत, इन्शाल्ला!

प्राजक्ता म्हणाली, "सर, फाशावर सहा पडले म्हणून पुढच्या वेळी पडत नाहीत असं थोडंच असतं? त्यात आता फाशावर सहाच्या बाजू वाढल्यात. आणि हे चक्रीवादळ नव्हतं बरं का. साधं वादळ होतं."

"साधं?" मी म्हटलं. मला अल कूझचं शटर दिसत होतं.

०

रस्ते मोकळे झाले तसा मी काकूंकडे गेलो. पाणी ओसरलं होतं, पण भिंतीवर माझ्या गुडघ्याएवढी तपकिरी रेघ राहिली होती. भाजणीची पोती फुगून फुटलेली, मोठी चक्की बंद पडलेली, आणि चारी बायका वायपर घेऊन काळं पाणी बाहेर ढकलताहेत. दारातून उतार आत. ढकललेलं अर्धं पाणी परत त्यांच्याच पायांशी येत होतं.

काकूंनी स्टूल पुसून पुढे केलं. "बसा भाऊ. चहा टाकते. शेगडी तेवढी वर होती, वाचली." उंबऱ्याचं नावसुद्धा नाही! चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तो चहा कसा प्यायलो माझं मला माहीत.

एवढ्यात विमा कंपनीचा माणूस आला. हानी नावाचा, इजिप्तचा, कामामुळे ओळखीचा, बोलायला गोड. "हबीबी, तू मराठी आहेस ना? मॅडमना माझे प्रश्न सांग." म्हणजे दुभाष्या मी!

त्याने मोजमापं घेतली आणि म्हणाला, दार रस्त्यापेक्षा खाली आहे हे लहान मुलालाही दिसतं. साधा उंबरा घातला नाही, म्हणजे मालकाने खबरदारी घेतली नाही. असं असेल तर क्लेम कठीण आहे. मग पेन सरसावून म्हणाला, "त्यांना विचार, उंबरा घालू नका असं कोणी सांगितलं होतं का?"

हा प्रश्न मी काकूंना मराठीत विचारला. माझ्या तोंडाने.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. चारी वायपर थांबले. काकू म्हणाल्या, "नाही म्हणावं. माझ्याच लक्षात आलं नाही."

आणि मी त्याचं इंग्लिश करून दिलं! अगदी व्यवस्थित, व्याकरणासकट. हानीने लिहून घेतलं आणि माझे आभार मानले.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "काकू, असं का सांगितलंत?"

"ईरा बारावीला ना तुमची?" काकू म्हणाल्या. "इथे नोकरी गेली की व्हिसा गेला. मी बघते माझं काहीतरी." आणि वायपर घ्यायला आत गेल्या. बासष्ट वर्षांची बाई, पदर खोचून!

लाज वाटली हा शब्द फार छोटा आहे हो. गाडी पाण्यात बाद झालेलीच होती, मेट्रोने घरी आलो. पूर्ण रस्ताभर उभा होतो, समोर जागा असून.

०

दुसऱ्या दिवशी मी काकूंच्या गोदामाचा रिपोर्ट लिहायला बसलो. जुना उघडला नाही. कोरं पान घेतलं. लिहिलं, मालकिणीने उंबरा घालायचं ठरवलं होतं, गवंडीही सांगितला होता. मी, खाली सही करणारा, घालू नका म्हणून सांगितलं. काल हानी साहेबांना दिलेलं उत्तर खोटं आहे. ते मला वाचवायला दिलेलं आहे. दाराला उतार आत आहे. निचरा नाही.

मॅथ्यू साहेबांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला. "सुहास, समझता है क्या लिखा है?"

मी म्हटलं, "सर, अकरा साल में पहली बार खुद लिखा है."

त्यांनी सही केली, आणि बाहेर पडताना म्हणाले, "बोट वाला रिपोर्ट भी निकालो."

नोकरी राहिली. सर्व्हे गेला. आता बाहेर प्राजक्ता जाते आणि मी आत बसून माझेच जुने रिपोर्ट एकेक उघडतो. कोणाचं दार खाली आहे, कोणाच्या भिंतीला होडी टेकलीये, आणि फोन करून सांगतो की मी चुकलो होतो. रोज चार-पाच. काही जण हसतात. एकजण म्हणाला, "हबीबी, परत येणार नाही तो पाऊस!" आवाज अगदी माझ्यासारखा होता.

०

काकूंचा क्लेम पास झाला त्यानंतर काही दिवसांनी त्यांचा फोन आला. "सुहासभाऊ, शुक्रवारी या. काम आहे."

गेलो. चक्की पुन्हा घरघरत होती, भिंतीला नवा रंग होता, पण ती तपकिरी रेघ तेवढी काकूंनी रंगवू दिली नव्हती. शटरखाली विटा रचलेल्या, सिमेंट कालवलेलं आणि गवंडी थापी घेऊन बसलेला. चारी बायका ओळीने उभ्या, जणू कसलं उद्घाटन आहे.

गवंड्याने मला बघून विचारलं, "साब, कितना ऊँचा रखूँ?"

मी वाकलो, रस्त्याची पातळी बघितली, टेप लावली, एकदा, दोनदा, तीनदा. प्राजक्ताला फोन लावून विचारलं. घाम पुसला आणि म्हटलं, "नऊ इंच."

आतून भाजणी चाळता चाळता काकू ओरडल्या, "किती सांगितलं यांनी?"

"नौ इंच, माँजी."

"मग अठरा कर!"

बायका हसता हसता भिंतीला टेकल्या. गवंडी माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "सुना नहीं? अठरा."

त्याने अठरा केला. आता तिथे गेलो की शटरला धरून गुडघा वर घेऊन आत यावं लागतं, आणि माझा गुडघा दुखतो. परवा चकली आणायला गेलो तेव्हा मी बाहेरच घुटमळत होतो.

आतून काकूंचा आवाज आला, "चहा घेणार ना भाऊ? मग उचला पाय!"